दहा तारखेची दिवेलागण

“दिवा लागलाय, शंकरराव. आता उद्या सकाळी द्या,” मालिनीबाई म्हणाल्या आणि शंकररावांनी पुढे केलेला हात मागे घेतला. घडलं ते एवढंच. पांढरं पाकीट पुन्हा शर्टाच्या खिशात गेलं, “बरं वहिनी” म्हणून झालं, चपला व्हरांड्याच्या तीन पायऱ्या उतरल्या आणि घराला वळसा घालून मागच्या खोलीकडे निघून गेल्या. बेलवलीत त्या संध्याकाळी याहून मोठ्या गोष्टी चालल्या होत्या. कोपऱ्यावर दोन रिक्षावाले हमरीतुमरीवर आले होते, समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या तरी साखरपुड्याचे स्पीकर ‘चेक, चेक’ करत होते. मालिनीबाई मात्र दाराची कडी धरून तशाच उभ्या राहिल्या. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तिथे सपाट जमीन निघावी, तसं काहीसं त्यांना झालं. पडलं कुणीच नव्हतं, पण अंग हादरलं होतं. मग त्यांनी दार लावलं, देवासमोर येऊन बसल्या आणि रोजचं म्हणणं पहिल्यापासून सुरू केलं, कारण मघाशी कुठवर आलं होतं ते काही केल्या आठवेना.

पाकिटात काय होतं ते त्यांना ठाऊक होतं आणि कशासाठी होतं तेही. मागची खोली म्हणजे मोरीसकट एक लांबट खोली, वेगळं दार, दारात शेवग्याचं झाड. तेहेतीस वर्षांपूर्वी विष्णुपंतांनी, म्हणजे मालिनीबाईंच्या यजमानांनी, अंबरनाथ एमआयडीसीतल्या आपल्या कारखान्यातला एक नवा फिटर स्कूटरवर मागे बसवून घरी आणला आणि “हे आपले भाडेकरू” असं सांगून टाकलं. विचारण्याची पद्धत त्यांच्यात नव्हती. फिटर म्हणजे शंकरराव. पाठोपाठ त्यांची बायको जनाबाई आली, तीन वर्षांनी मैत्रेयी झाली. पुढे कारखाना बंद पडला, जनाबाई गेली, सहा वर्षांपूर्वी विष्णुपंत गेले, आणि घराच्या पुढे एक विधवा बाई नि मागे एक विधुर बाप नि त्याची मुलगी एवढं उरलं. तेव्हा पुण्याहून मालिनीबाईंच्या मुलानं, देवदत्तनं, एका बिल्डरला आणून घर दाखवलं. बिल्डरला घर आवडलं, खोलीतली माणसं आवडली नाहीत. केस झाली. ‘मुलाला राहण्यासाठी जागेची गरज आहे’ असं मालिनीबाईंच्या सहीनं लिहून गेलं. खालच्या कोर्टात त्या जिंकल्या, वरच्या कोर्टानं शंकररावांना स्थगिती दिली. मात्र एका अटीवर. दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत घरमालकिणीला खोलीचे पैसे पोचले पाहिजेत. उल्हासनगरच्या वकीलबाई, केसवानी, यांनी मालिनीबाईंना समजेल असं सांगितलं होतं. “आंटी, पैसे बिनधास्त घ्यायचे. पावतीवर ‘हक्क राखून’ लिहायचं. घेतले म्हणून आपली केस कमजोर होत नाही. पण त्यांचा एक महिना जरी चुकला ना, स्टे आपोआप खलास. मग खोली खाली.”

चौदा महिने चुकला नव्हता. ज्याला घराबाहेर काढायला आपण कोर्टात गेलो त्याच्याच हातून दर महिन्याला पाकीट घ्यायचं, हे पहिल्या महिन्यात मालिनीबाईंच्या अगदी जिवावर आलं होतं. पण सवय वाईट असते, ती कशाचीही होते. शंकरराव दारात उभे राहून विचारायचे, “देवदत्त काय म्हणतो?” आणि देवदत्त तर ‘यांना कधी बाहेर काढायचं’ एवढंच म्हणत असायचा, तेव्हा मालिनीबाई म्हणायच्या, “बरा आहे. मैत्रेयीचा खोकला गेला का?” महिन्यातून एकदा असं दोन वाक्यांचं बोलणं व्हायचं. एरवी त्या घरात बोलायला टीव्ही होता. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की तारीख जवळ आली की आपण व्हरांडा जास्त नीट झाडतो. ते लक्षात आल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला आणि पुढच्या महिन्यात त्यांनी मुद्दाम व्हरांडा झाडला नाही, तर तो दिवसभर डोळ्यांत खुपत राहिला.

सात वाजता देवदत्तचा फोन आला. लहानपणी ‘शंकरकाका, शंकरकाका’ करत हा मुलगा त्या खोलीतून घरी यायला तयार नसायचा. आता तो त्यांना ‘पार्टी’ म्हणायचा.

“आई, आज दहा. पार्टीनं पैसे दिले?”

“नाही,” मालिनीबाई म्हणाल्या.

पुण्यातला आवाज मग इतक्या हळू आला की जणू मोठ्यानं बोललं तर काहीतरी उडून जाईल. “नक्की? आलाच नाही?”

“मला पैसे मिळालेले नाहीत,” त्या म्हणाल्या. बोलणं खरं होतं, शब्द न् शब्द खरा होता.

“आई, सुटलो गं आपण! आता ऐक. उद्या आला तरी दार उघडायचं नाही. पैसे हातात घ्यायचे नाहीत. मी केसवानींना आत्ताच सांगतो.” आणि मग, फोन ठेवता ठेवता, “राजसीला सांगू का गं, आपण आजीकडे राहायला जाणार म्हणून?”

राजसी म्हणजे नात, आठ वर्षांची. फोन ठेवल्यावर मालिनीबाई खुर्चीत बसून राहिल्या आणि नेहमीसारख्या मनानंच, बिल्डर बांधणार होता त्या बिल्डिंगमधल्या आपल्या सातव्या मजल्यावर गेल्या. हे जाणं त्यांना दीड वर्षात चांगलं अंगवळणी पडलं होतं. दुपारी जेवून आडवं व्हायचं, डोळा लागायच्या अलीकडच्या त्या मऊ जागेत यायचं, की घर आपोआप खालून सरकायचं आणि त्या उंच उंच जायच्या. तिथे वारा असायचा. खिडकीतून उल्हास नदी वळताना दिसायची, पुलावरून जाणाऱ्या गाड्या दिसायच्या, पण आवाज म्हणून नाही. दारात राजसीचे शाळेचे बूट, एक उभा, एक आडवा. आतल्या खोलीत देवदत्त कुणाशी तरी फोनवर इंग्रजीत बोलतोय, सून कुकरची शिट्टी मोजतेय आणि आपल्याला कुणी काही विचारत नाही, कारण आपण तिथे आहोतच. पाहुण्याला विचारतात, घरच्याला कोण विचारतं? एवढंच सुख. या सातव्या मजल्यावरून खाली वाकून बघितलं तर मागची खोली कुठे असेल, हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. आज बघावंसं वाटलं. वाकल्या, तर खाली नुसतं धुकं होतं आणि धुक्यातून शेवग्याच्या फुलांचा वास येत होता. त्या दचकून खुर्चीत परत आल्या. शेवगा खरोखरच फुलला होता आणि मागची खिडकी उघडी होती.

दिवा लागल्यावर देणं नाही, घेणं नाही. हा नियम त्या घराचा होता, सासूबाईंकडून आलेला. तिन्हीसांजेला पैसे, मीठ, दही, सुई काही म्हणजे काही उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं नाही. आणि सासूबाई एक पाऊल पुढे होत्या, त्या म्हणायच्या की दुसऱ्याच्या घरातली लक्ष्मीसुद्धा त्या वेळी आपल्याकडे ओढून आणू नये. विष्णुपंत याला हसायचे, पण दूधवाल्यालाही सकाळी या म्हणायचे. जनाबाई नवीन आली तेव्हाची गोष्ट. संध्याकाळची वेळ, ती वाटी घेऊन दारात उभी राहिली, “वैनी, इरजणाला चमचाभर दही द्या.” मालिनीबाईंनी देवाकडे बघितलं, दिवा लागलेला होता. “आता नाही देता येणार गं,” त्या म्हणाल्या. जनाबाईचा चेहरा असा झाला की मालिनीबाईंना आधी काही कळलंच नाही. ती रिकामी वाटी घेऊन वळली. ती बौद्ध होती. तिच्या आईला, आजीला, गावोगावच्या किती दारांतून ‘आता नाही’ म्हणून सांगितलं गेलं असेल आणि त्यातलं किती खरोखरच ‘आता’ असेल, हे मालिनीबाईंना त्या वयात कुठून समजणार? रात्री विष्णुपंतांनी बायकोचं तोंड बघून विचारलं, सगळं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्या उजाडल्या स्वतः दह्याची वाटी घेऊन मागच्या खोलीच्या दारात गेले. “हा नियम माझ्या सख्ख्या बहिणीलापण आहे,” ते म्हणाले, “तिला विचार हवं तर, गेल्या दिवाळीत रुसून गेली.” जनाबाई हसली. आणि गंमत म्हणजे तेव्हापासून त्या नियमाची सगळ्यात कडक राखणदार तीच झाली. मैत्रेयी संध्याकाळी खेळताना काकूंकडे सुई मागायला धावली की मागून ओरडायची, “ए पोरी, वैनींचा दिवा लागला असंल, सकाळी जा.” स्वतःच्या घरात ती असलं काही पाळत नव्हती. तिच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्यापुढे ती मेणबत्ती लावायची, तीही तिला वेळ होईल तेव्हा. पण वैनींचा नियम म्हणजे नियम. तो सगळ्यांना सारखा आहे, एवढं तिनं मान्य केलं होतं आणि त्यावर विश्वास टाकला होता.

म्हणून तर शंकररावांनी हात मागे घेतला. दहा तारीख आहे हे त्यांना माहीत नव्हतं थोडंच? खोली जाईल हे माहीत नव्हतं? पण वहिनींनी उद्या म्हटलंय म्हणजे उद्या घेतील, असं त्यांनी धरलं. तेहेतीस वर्षं घेत आल्या होत्या.

सकाळी सव्वासातला दारावर थाप पडली. “वहिनी.” मालिनीबाई स्वयंपाकघरात चहाचं भांडं हातात धरून उभ्या होत्या. गॅस पेटवला असता तर बाहेर आवाज गेला असता, म्हणून पेटवला नाही. स्वतःच्याच घरात चोरासारखं उभं राहायला त्यांना लाज वाटत होती आणि हलायचा धीर होत नव्हता. “वहिनी, उजाडलं.” आवाजात काही नव्हतं, ना राग ना घाई. डबा घेऊन कामाला निघालेल्या माणसाचा आवाज होता तो. साठी उलटल्यावरसुद्धा ते एमआयडीसीत एका ठिकाणी स्टोअर सांभाळायला जात होते. दाराला कान लावल्यासारखं सगळं घर गप्प झालं. त्या गप्पपणात मालिनीबाईंना वीस वर्षांपूर्वीचं पाणी दिसायला लागलं, २००५ च्या पुराचं. पाणी असंच आवाज न करता आलं होतं, आधी अंगणात, मग पायरीवर, मग घरात. विष्णुपंत ऑफिसात अडकलेले. देवदत्तला खांद्यावर घेता येईल असं त्याचं वय राहिलं नव्हतं, तो आपला आपण शेजारच्या गच्चीवर चढला. आणि शंकरराव कमरेएवढ्या पाण्यातून आत आले ते देव्हारा डोक्यावर घेऊनच बाहेर पडले. “हा कशाला? आधी कपाट बघा!” असं मालिनीबाई गच्चीवरून ओरडल्या, इतक्या त्या घाबरल्या होत्या. ते वर आले, देव्हारा खाली ठेवला, पाणी निथळत उभे राहिले आणि म्हणाले, “कपाट परत घेता येतं.” ज्या देवांना ते नमस्कारसुद्धा करत नव्हते त्यांच्याबद्दल ते बोलत होते. बाहेर तिसरी थाप पडली, मग पायऱ्यांवर चपला वाजल्या. चहाचं भांडं मालिनीबाईंच्या हातात थंडच होतं.

संध्याकाळ झाली. कशी झाली ते त्यांना नीट कळलं नाही. त्या दिवशी वेळ सलग येतच नव्हता, डुलकीत आल्यासारखा तुकड्यातुकड्यानं येत होता. त्या दिवा लावायला उठल्या. वात पुढे ओढली, काडी हातात घेतली आणि सहज स्वयंपाकघराकडे बघितलं. फळीवरच्या लोणच्याच्या बरण्यांवर ऊन होतं. पश्चिमेच्या झरोक्यातून येणारं हे ऊन बरण्यांवरून उतरलं, की दिवा लावायचा, असं त्यांचं वर्षानुवर्षांचं घड्याळ होतं. अजून वेळ होता. भिंतीवरच्या घड्याळात पावणेसहाला पाच कमी. त्या काडी तशीच धरून थांबल्या आणि मग त्यांना कालचं ऊन आठवलं. काल दिवा लावला तेव्हा ज्योत दिसली नव्हती. लागली की नाही हे बघायला त्यांनी तळवा वर धरला होता, तेव्हा ऊब लागली. उन्हात ज्योत दिसत नाही. म्हणजे काल ऊन होतं. काल कोपऱ्यावर रिक्षा थांबली, भांडणाच्या आवाजातून “सुट्टे राहू द्या” असं शंकरराव कुणाला तरी म्हणाले ते ऐकू आलं आणि त्याबरोबर आपण देवाकडे गेलो. गेलो म्हणजे धावलो. गुडघेदुखीची बाई धावली. सकाळी कॅलेंडरवर दहा आकडा बघून, दिवसभर त्यांची वाट बघून, ते आलेच नाहीत तर किती बरं होईल असं चार वेळा मनात येऊन आणि चारही वेळा ते झटकून, शेवटी ते आले तेव्हा आपण धावत जाऊन उन्हात दिवा लावला. मालिनीबाईंनी काडी खाली ठेवली.  सासूबाईंच्या नियमात सगळ्यांना सारखी असलेली वेळ त्यांनी एका माणसासाठी वीस मिनिटं पुढे ओढली होती. त्या दिवशी दिवा लावायचा राहिलाच.

पुढचा आठवडा पाण्याखालून गेल्यासारखा गेला. आवाज यायचे पण लांबून. शंकरराव आणखी दोनदा येऊन गेले, मग यायचे थांबले. मैत्रेयी उल्हासनगरला एका लॅबमध्ये नोकरीला होती. जाता-येता ती पूर्वी “येते काकू” म्हणायची, ती आता मान खाली घालून फाटक ओढून घ्यायची. वकिलाची नोटीस गेली. देवदत्त रोज फोन करायचा आणि त्याचा आवाज लहानपणी सुट्टी लागल्यावर व्हायचा तसा झाला होता. तो आवाज ऐकला की मालिनीबाईंना वाटायचं, असू दे. एक खोली तर आहे. मैत्रेयीला पगार आहे, अंबरनाथला कुठेतरी मिळेल. आणि लगेच वाटायचं, साठीच्या वर गेलेल्या माणसाला, एका मुलीला, आडनाव विचारल्याशिवाय कोण देतं खोली? विष्णुपंतांनी दिली होती तेव्हाही गल्लीत कुजबूज झालीच होती की.

शनिवारी देवदत्त गाडी घेऊन आला. उल्हासनगरला जाऊन प्रतिज्ञापत्रावर सही करायची होती. गाडी अंबरनाथवरून निघाली. एमआयडीसीचा तो आंबूस, औषधी वास काचा बंद असूनही आत आला, आणि विष्णुपंतांच्या शर्टाला हाच वास यायचा म्हणून मालिनीबाईंनी तो ओढून घेतला. शिवमंदिराच्या फाट्याला बेलाची पानं विकणाऱ्या बायका बसल्या होत्या. देवदत्त बोलत होता. बिल्डर म्हणतोय पाडव्याला भूमिपूजन करू, दोन वर्षांत ताबा, राजसीची शाळा तिथली बघून ठेवलीय. मालिनीबाई हो म्हणत होत्या. रस्ता हलतोय आणि गाडी उभी आहे असं त्यांना वाटत होतं.

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका कापडाच्या दुकानावर केसवानींचं ऑफिस होतं. जिन्यावर कोऱ्या कापडाच्या खळीचा वास. केसवानींनी फाईल उघडली. “आंटी, पाणी? चाय? बरं, ही त्यांची रिप्लाय आलीय. काही दम नाही त्यात. बघा.” कागद मराठीतच होता. मालिनीबाईंनी चष्मा लावला. लिहिलं होतं, की दहा तारखेस माझी प्रकृती एकाएकी बिघडल्याने मी रक्कम वेळेत देऊ शकलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घेऊन गेलो. एक दिवसाचा उशीर माफ व्हावा. खाली शंकररावांची सही होती.

त्यांनी ते दोनदा वाचलं. प्रकृती बिघडली नव्हती. धडधाकट माणूस दारात उभा होता, कपाळावर घाम, खिशाला पेन. तर मग हे असं का लिहिलं? वहिनींनी परत पाठवलं असं लिहिलं असतं तर स्थगिती वाचली असती, हे त्यांच्या वकिलानं सांगितलं नसेल? सांगितलं असेल, तर यांनीच त्याला काही कळू दिलं नसेल. कोर्टात कुणीतरी उभं राहून वहिनींच्या दिव्याला हसेल, उलटसुलट विचारेल, वहिनींना पिंजऱ्यात उभं करेल, तर ते नको. त्यापेक्षा मी आजारी होतो. देव्हारा डोक्यावर घेऊन ते अजून पाण्यात उभे होते. मालिनीबाईंना इतकी शरम वाटली की समोरचं टेबल दिसेना.

“इथे सही, आंटी. दहा तारखेपर्यंत रक्कम मिळाली नाही, बस एवढंच आहे.”

“ते आले होते,” मालिनीबाई म्हणाल्या.

देवदत्तची मान वळली. “कोण?”

“शंकरराव. दहा तारखेला, संध्याकाळी. पाकीट घेऊन. मीच परत पाठवलं. दिवा लागलाय म्हटलं, उद्या द्या म्हटलं.”

 खाली दुकानात कुणीतरी सिंधीत मोठ्यानं भाव करत होतं. केसवानींनी पेन टेबलावर ठेवलं. त्या तरुण होत्या पण समजूतदार होत्या. “माझी नानीपण शाम के टाइम पैसे नाही घ्यायची,” त्या म्हणाल्या. “ठीक आहे. मग आपण जे आहे तेच लिहू या. घरचा रिवाज आहे, सवयीनं परत पाठवलं, मनात काही नव्हतं. स्टे राहील. केस आपली चालू राहील. दोन्ही पार्टींची इज्जत राहील. देवदत्तजी, आंटीच्या अंगावर काही नाही येणार.”

देवदत्तनं कपाळावर हात मारला, पण मान हलवली. आईच्या सवयी त्याला माहीत होत्या. त्यानं लहानपणी त्यापायी कितीदा सकाळपर्यंत खाऊच्या पैशांची वाट बघितली होती. केसवानींनी दाखवलेली वाट किती चांगली होती! सगळं जिथल्या तिथे राहत होतं. शंकररावांची खोली राहत होती, सासूबाईंचा नियम राहत होता, मालिनीबाई साध्याभोळ्या राहत होत्या आणि पुढच्या महिन्यात दारात “देवदत्त काय म्हणतो” असं कुणीतरी विचारणार होतं. मालिनीबाईंनी त्या वाटेवर मनानं दोन पावलं टाकलीसुद्धा. पण तिथे जनाबाई रिकामी वाटी घेऊन उभी होती. तेव्हा ‘आता नाही’ म्हटलं ते खरं होतं आणि ते खरं आहे असं मानायला तिला एक रात्र लागली होती. आज याला सवय म्हटलं तर ते जुनं खरंही खोट्यात जमा होणार होतं. तिला आता कुठल्या सकाळी, कुणी वाटी नेऊन दिली असती?

“सवयीनं नाही,” त्या म्हणाल्या. “दिवा लागलेला नव्हता. ऊन होतं. ते रिक्षातून उतरले ते मी ऐकलं आणि मग लावला. त्यांना परत पाठवता यावं म्हणून लावला. तसं लिहा.”

“आई,” देवदत्त म्हणाला. 

“आंटी, हे लिहायची काही जरूर नाही. कोर्ट विचारणार पण नाही.”

“ते वाचतील ना?”

“कोण?”

“शंकरराव. कागद त्यांच्याकडे जाईल ना?”

“जाईल. कॉपी द्यावीच लागते.”

“मग लिहा,” मालिनीबाई म्हणाल्या, आणि लिहून झाल्यावर त्यांनी सही केली.  देवदत्तनं आईला फाटकाशी सोडलं, गाडीतून उतरलासुद्धा नाही. फक्त काच खाली करून म्हणाला, “राजसीला मी काय सांगू ते तूच ठरव.” ते त्यांना आजतागायत ठरवता आलेलं नाही.

स्थगिती कायम राहिली. बिल्डरनं बेलवलीतच दुसरा प्लॉट बघितला. देवदत्तचा फोन आठवड्यानं यायला लागला, गोळ्या घेतल्या का, गॅस आला का, एवढ्यापुरता. दुपारी आडवं झाल्यावर मालिनीबाई सातव्या मजल्यावर जायचा प्रयत्न करायच्या, पण लिफ्ट हलायची नाही. त्या आपल्या जमिनीवरच असायच्या, आणि भिंतीपलीकडे मागच्या खोलीत भांडी घासल्याचा आवाज स्पष्ट ऐकू यायचा. कागद तिकडे पोचला असेल का, कुणी वाचून दाखवला असेल, शंकरराव वाचताना कुठे बसले असतील, जनाबाईच्या फोटोकडे त्यांनी बघितलं असेल का, या विचारांत त्यांचे दिवस गेले. त्यांनी जाऊन बोलायचं दोनदा ठरवलं. दोन्ही वेळा शेवग्यापर्यंत जाऊन परत आल्या.

फेब्रुवारीची दहा तारीख सोमवारी आली. मालिनीबाईंनी पहाटेच उठून व्हरांडा झाडला, पुसला, आणि नऊ वाजल्यापासून चहाचं आधण मंद गॅसवर ठेवलं, दोन कपांचं. साडेनऊला थाप पडली. त्यांनी लगेच दार उघडलं. शंकरराव वर आले नव्हते. ते खाली अंगणात उभे होते, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घालून, आणि शेवग्याकडे बघत होते. पायरीवर मैत्रेयी होती. तिच्या एका हातात पाकीट होतं, दुसऱ्या हातात उभा धरलेला मोबाईल.

“व्हिडिओ घेतेय,” ती म्हणाली. “वकिलांनी सांगितलंय. पाकीट घ्या आणि तारीख, वेळ, पैसे मिळाले असं बोला.”

“आत या ना. चहा ठेवलाय.”

“आधी बोला.”

मालिनीबाईंनी पाकीट घेतलं. कुठे बघून बोलायचं ते त्यांना कळेना, म्हणून त्या मोबाईलच्या वर, मैत्रेयीच्या कपाळाकडे बघत बोलल्या. “आज दहा फेब्रुवारी. सकाळचे साडेनऊ. शंकररावांकडून पैसे मिळाले.”

रस्त्यावरून टेम्पो गेला. मैत्रेयीनं मोबाईल खाली घेतला नाही. “नीट नाही आलं. परत बोला,” ती म्हणाली. “आणि बाहेर ऊन आहे, तेही बोला.”

“मैत्रेयी, पुरे,” अंगणातून शंकरराव म्हणाले.

“असू द्या, बोलते मी,” मालिनीबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा सारखा केला, व्हरांड्याच्या कडेपर्यंत पुढे आल्या आणि शंकररावांनाही ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्यापासून सुरुवात केली. “आज दहा फेब्रुवारी. सकाळचे साडेनऊ वाजलेत. बाहेर ऊन आहे. पैसे मिळाले.”